मामाचा नंबर

कॉलेजातल्या पोरी मला हसतात. टेबलावर कापसाच्या काड्यांची पाकिटं मांडलेली, मागे बोन मॅरो दानाचा फलक, डॉक्टर गळ्यात नळी घालून बसलेले, आणि त्यांच्या शेजारी मी म्हातारी बाई विचारते, “पोरी, तुझ्या मामाचं नाव काय? कोण्या गावचा? नंबर दे त्याचा.” मागे अमरावतीच्या एका कॉलेजात एक पोट्टी मैत्रिणीच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल अशी, “मावशी स्थळ घेऊन आली काय वं?”

हसतात तर हसू देते. पण नंबर घेतल्याशिवाय उठू देत नाही. हा प्रश्न मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवला नाही. तो मी कशी शिकले, तेच सांगायला बसले आहे. सांगताना मध्येच इकडेतिकडे गेले तर सांभाळून घ्या.

मी मूळची फुलवाली. अमरावतीत देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन रद्दीवर झालं. फुलं बांधून द्यायला वर्तमानपत्र फाडायचं आणि गिऱ्हाईक नसलं की तोच तुकडा वाचायचा. त्यामुळे जगातल्या पुष्कळ बातम्या मला माहीत आहेत, पण अर्ध्याच.

एकदा रक्तदान शिबिरात पाहुण्यांसाठी हार घेऊन गेले. पाहुणे काही येईनात. रक्त द्यायला आलेली पोरं एकेक करून चपला शोधायला लागली. पाहुणे आले नाहीत तर हार परत घ्यावे लागतील, या धास्तीनं मी त्या पोरांना बोलण्यात गुंतवलं. कुणाला त्याच्या गावचं विचारलं, कुणाच्या मिशीची थट्टा केली. पाहुणे आलेच नाहीत, पण पोरं रक्त देऊन गेली. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी हे बघितलं. म्हणाले, “मावशी, पुढच्या वेळी हार नसले तरी चालतील. तुम्ही या.” गेले, ती गेलेच. आधी चहा-बिस्किटं वाटली, मग बोलायला लागले, आणि बोन मॅरोच्या नोंदणीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा डॉक्टरांनी मलाच पुढे ढकललं.

आता ही नोंदणी काय, ते सांगते. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. काही आजारांत तो मगजच नासतो. मग औषधं देऊन तो पार रिकामा करतात आणि दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशी त्याच्या रक्तात सोडतात. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त करायला लागतात. पण कुणाच्याही पेशी चालत नाहीत. जुळाव्या लागतात, आणि ही जुळणी रक्तगटाहून कितीतरी बारीक असते. सख्ख्या भावाबहिणीची जुळेलच असं नाही, आणि कधी न पाहिलेल्या, शेकडो कोसांवरच्या माणसाची जुळून जाते. म्हणून यादीत नावं जितकी जास्त, तितकी आशा जास्त. नाव घालायला फक्त गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची. ती तपासून माहिती जपून ठेवतात. पुढे वर्षानुवर्षं काहीच होत नाही. बहुतेकांना कधी फोनच येत नाही. पण ज्याला येतो, त्याच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

बायकांना मी विरजणाचं सांगते. “शेजारणीला चमचाभर विरजण दिलं तर आपलं दही संपतं का?” त्यांना लगेच समजतं. पुरुषांना वेळ लागतो. त्यांना वाटतं मणक्यात सुई घालतात, माणूस लुळा पडतो, मूल होत नाही. तसं काही नाही. आजकाल बहुतेक वेळा आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, पेशी वाढून रक्तात येतात, मग हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी गाळून घेतात आणि बाकीचं रक्त परत अंगात. काही तास पडून राहावं लागतं. त्या इंजेक्शनांनी अंग ठणकतं, हे मात्र मी कधी लपवत नाही.

आमच्या वऱ्हाडातली आणखी एक अडचण खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू घातलेल्या सुपारीची. गालात खर्रा धरून नोंदणीला येतात! धारणीपासून अकोल्यापर्यंत मी एकच वाक्य म्हणत आले आहे, “थुंक आधी. चूळ भर. आता तिकडं सावलीत बस, मग ये.” एक जण म्हणाला, “मावशी, खर्ऱ्याचंच मॅचिंग होईल ना वं.” म्हटलं, “तसा पेशंट सापडला की तुलेच पहिला फोन करीन.”

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. भिडेनं हो म्हणू नको. आपल्याकडे पांढऱ्या केसांच्या बाईला तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आज नाही म्हटलंस तर मी चहा पाजून पाठवीन. आज हो म्हणून ऐन वेळी नाही म्हटलंस, तर एखाद्या घरचा दिवा विझेल.

एवढं सगळं सांगायचे मी. तरी मुख्य गोष्ट विचारायची राहून गेली होती.

एका सकाळी स्मिता मॅडमचा फोन आला. या मॅडम नोंदणीच्या मुख्य ऑफिसात बसतात, दूर मोठ्या शहरात. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही, आवाजच तेवढा ओळखते. एरवी कशा हसून बोलतात. त्या दिवशी नाही हसल्या.

“मावशी, तुमच्या अमरावतीच्या कॅम्पमधली एक मुलगी जुळते आहे. प्रियंका नाव, पत्ता धामणगाव रेल्वेचा. पण फोनवर कुणी गृहस्थ येतात आणि राँग नंबर म्हणतात. तुम्हाला शोधता येईल का?”

“पेशंट कोण आहे?”

“ते सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“लहान आहे की मोठं, एवढं तरी?”

“मावशी...” त्या म्हणाल्या, “दुसरं कुणी एवढं जुळत नाहीये. आणि फार वाट बघण्यासारखं नाही.”

मी त्या नंबरवर स्वतः फोन लावला. मागे फवारणीच्या पंपाचा आवाज. वयस्क माणूस होता. “कोन प्रियंका? आमच्या घरी त्या नावाचं कोनी नाई. राँग नंबर हाय, बाई.” वर सभ्यपणे म्हणाला, “पाहा बरं, बराबर लावा.” म्हणजे पोरीचा नंबर सुटला आणि दुसऱ्या कुणाला गेला, असंच मी समजले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर फोन बंद.

पोरीचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवेना. मी इतक्या पोरींच्या गालात काडी फिरवली होती की सगळे चेहरे एकमेकींत मिसळले होते. देवळातून फुलांचा ढीग बाहेर काढतात, त्यात आपला हार कोणता ते सांगता येत नाही, तसं.

दुसरी अडचण याहून मोठी. आमच्या कामाचा नियम आहे, कुणाचं जुळलं हे त्या माणसाशिवाय कुणाला सांगायचं नाही. घरच्यांनाही नाही. त्याला हवं तर तो सांगेल. नियम चांगला आहे, नाहीतर लोक दात्यावर दबाव आणतील. पण गावात जाऊन एका तरुण पोरीची चौकशी करायची आणि कशासाठी ते सांगायचं नाही, हे कसं जमायचं?

धामणगावला गेले. पत्त्यावरची खोली भाड्याची होती, तिथं आता दुसरेच राहत होते. घरमालकीण अंगणात मिरच्यांची देठं तोडत बसली होती. मी नाव सांगताच तिचे हात थांबले.

“काहून पायजे तुमाले प्रियंका? काही केलं काय पोट्टीनं?”

“नाही वं माय. कॉलेजातलं काम आहे.”

“कॉलेज होऊन लगन झालं तिचं. आता कोनतं काम?” तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “मायबाप पुण्याकडं कंपनीत गेले. त्याहीचा नंबर नाई माह्याजवळ. पोट्टी देल्ली बाळापूरकडं कुठीतरी. गावाचं नाव ध्यानात नाई.”

मी उंबऱ्याशीच बसले. बाळापूर तालुक्यात गावं काय थोडी आहेत?

माझं तोंड पाहून तिलाच दया आली. म्हणाली, “तिच्या मामाले काहून नाई विचारत? गजू नाव हाय. अकोल्याले भाजीबाजारात कांदे विकते. लग्नात पोट्टीच्या मागं तोच तं उभा होता.”

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीचं आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, फोन बदलतो. मायबाप पोटामागे गाव सोडतात. पण लग्नात पाठीशी उभा राहिलेला मामा भाचीचं सासर विसरत नाही.

अकोल्याला दुसऱ्याच दिवशी गेले. गजूभाऊ कांद्याच्या ढिगाआड बसलेला धिप्पाड माणूस. भाचीचं नाव काढलं आणि तराजू खाली ठेवला त्यानं.

“कोन तुमी?”

“मी अमरावतीची. फुलवाली मावशी म्हणतात मला.”

“अन् माह्या भाचीकडं काय काम हाय तुमचं?”

“ते तिलाच सांगता येईल, भाऊ.”

“वा रे वा! मले नाई सांगत अन् पत्ता मलेच मांगून राहिल्या?” आजूबाजूचे भाजीवाले माना वळवून बघायला लागले. त्यानं आवाज खाली आणला. “बाई, लेकुरवाळी पोरगी हाय माही. चांगल्या घरी नांदून राहिली. जुनं काही लफडं उकराले आल्या असान, तं सांगून ठेवतो...”

खरंच होतं त्याचं. सासरी नांदणाऱ्या पोरीची माहेरच्या नावानं कुणी परकी बाई चौकशी करत फिरली, की लोक आधी वाईटच शोधतात. एक जीव वाचवायला निघाले आणि दुसरीचा संसार नासवून ठेवला, असं तर होणार नाही? त्या क्षणी मला उठून निघून जावंसं वाटलं. पण स्मिता मॅडमचं ते ‘फार वाट बघण्यासारखं नाही’ कानात बसलं होतं.

म्हटलं, “भाऊ, पत्ता नको देऊ. तूच तिला फोन कर. एवढंच सांग की, तुझ्या गालात कापूस फिरवणारी मावशी आठवण काढत होती. तिला नाही समजलं तर मी पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही.”

“गालात कापूस?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही बाई कामातून गेली. पण माझा नंबर लिहून घेतला. निघताना वर दोन कांदे हातात दिले, का ते मला आजही समजलं नाही. वेड्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून असेल.

बसस्टँडवर फोन हातात धरून बसले. अमरावतीच्या बसा भरल्या, गेल्या. मी उठलेच नाही. ती विसरली असेल तर? मामानं फोनच केला नाही तर?

फोन वाजला. दबका आवाज. “मावशी, मी प्रियंका. जुळलं काय वं माह्यं?”

मी काही सांगण्याआधीच तिनं विचारलं. मला रडूच आलं तिथं.

मग तिनं जे सांगितलं, त्यावर हसावं की रडावं? लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘आरती’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात ती आरती. तिचा जुना फोन सासऱ्यांकडे गेला, वावरात न्यायला. “मामंजी खोटं नाई बोलले, मावशी,” ती म्हणाली. “त्याहीच्या घरी प्रियंका नाईच.”

म्हणजे राँग नंबर तर तो नव्हताच! आम्ही बरोबर घरी फोन करत होतो, आणि एक भला माणूस अगदी खरं बोलून आम्हाला परत पाठवत होता. आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद लागला, कारण तो हौदात पडला होता.

तिचा मुलगा दोन वर्षांचा होता, दूध तुटलेलं होतं. तिला मी सगळं पुन्हा सांगितलं. नाही म्हणायची अजून मोकळीक आहे, तेही सांगितलं. ती म्हणाली, “मी हो म्हनलं होतं ना. मले आठवते. पन घरी तुमी या. मले एकटीले नाई जमनार.”

गजूभाऊसोबत गेले. भाचीनंच त्याला सांगितलं होतं, तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलत होता. बाळापूरच्या पुढे जीपनं, मग पायी. काळ्या रानातलं, नीटनेटकं घर. सासरे ओसरीवर होते. “या, बसा,” म्हणाले आणि मी आवाज ओळखला. बोलले मात्र नाही.

खरी गाठ सासूबाईंशी होती. सडसडीत बाई, कपाळाला मोठं कुंकू. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. विरजणाचंही ऐकलं. मग म्हणाल्या, “विरजन देल्ल्यानं दह्याचा गंज रिकामा होत नाई, हे मले नका शिकवू, बाई. घरी दोन म्हशी हायेत. पन विरजन कोनाले देऊन राहिलो, हे तं मालूम पायजे ना? कोन हाय तो?”

“मलाही माहीत नाही.”

“तुमालेबी नाई?”

“नाही. वर्ष होईपर्यंत तरी कुणाला सांगत नाहीत. पुढेही दोन्हीकडची राजीखुशी असली तरच.”

“म्हंजे ज्याचं नाव-गाव मालूम नाई, त्याच्यासाठी मी आपली सून द्याव, तेबी ज्या बाईले आज पयल्यांदा पाह्यलं तिच्या सांगन्यावरून?” त्यांनी गजूभाऊकडे पाहिलं. “अन् मामा, तुमी याहीले घेऊन आले!”

गजूभाऊ खाली मान घालून भाचीच्या पोराशी खेळायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, पण व्याह्यांच्या ओसरीवर अगदी मेंढी झाला होता. त्या बाईचं काय चुकलं होतं? मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. मनात एकच चाललं होतं, तिकडे कुठंतरी कुणी पलंगावर पडलं आहे आणि त्याला या ओसरीचा पत्ताही नाही.

तेव्हा चहाचे कप घेऊन आरती बाहेर आली. कप ठेवले आणि उभीच राहिली. “आई, मी तवा हो म्हनलं होतं.”

“तवा तू आमची नव्हती.”

“हो. तवा मी प्रियंका होती. तिचं नाव तुमी बदललं, मी काही बोलली नाई. पन तिनं शबूद देल्लता. तोबी बदलाचा काय?”

सासरे एकदम म्हणाले, “प्रियंका? त्या नावाचा फोन आल्ता ना वं मले!” आणि माझ्याकडे पाहून त्यांचं तोंड पडलं. “बाप्पा... तो तुमचाच होय काय?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते पुन्हा गप्प झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या. शेवटी म्हणाल्या, “माह्यं नाव बेबी होतं. इथं आली अन् अन्नपूर्णा झाली. याहीले तरी आठवते का, विचारा.” सासऱ्यांनी विचारू दिलंच नाही, मान खाली. “जाय, पोरी. पन मी संग येईन. मशीनपाशी बसीन. काही कमी-जास्त झालं तं त्या डाक्टरची काही खैर नाई.”

नवरा बिचारा वावरातून आला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. त्यालाही मी बसवून विचारलं. “आई संग असली तं मले काही नाई,” एवढंच म्हणाला.

तपासण्या झाल्या, सगळं चांगलं निघालं. तुम्हाला वाटेल, झालं, सुटले. छे! इथून पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. एक दिवस स्मिता मॅडम म्हणाल्या, “मावशी, पेशंटची तयारी सुरू झाली.” तयारी म्हणजे काय ते वर सांगितलं आहे. त्याचा स्वतःचा मगज औषधं देऊन रिकामा करायचा. एकदा तो रिकामा झाला की मागे फिरायला वाट नसते. दुसऱ्याच्या पेशी आल्या नाहीत तर त्या माणसाजवळ काहीच नसतं. दात्याला केव्हाही नाही म्हणायचा हक्क असतो, आणि तो असायलाच पाहिजे. पण ही ‘तयारी’ सुरू झाल्यावर मी फोन वाजला तरी दचकायची आणि नाही वाजला तरी.

बाळापूरच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचा फोन. “मावशी, हाडं ठनकून राहिले तिचे. कंबर धरून बसली हाय. हे काय करून ठेवलं तुमी?” मागून सासूबाईंचा आवाज, “ठनकन, असं सांगतलं नव्हतं काय त्याहीनं? बायतपनात तू कुठी होता? ठेव तो फोन!” फोन कट. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी तिला दुखण्याची गोळी दिली. पण माझं जेवण तसंच ताटात राहिलं.

पेशी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात काढायच्या होत्या. अकोला स्टेशनवर सकाळी भेटायचं ठरलं. मी आणि गजूभाऊ वेळेआधी पोचलो. ते लोक आले नाहीत. गाडीची घोषणा झाली, तरी नाहीत. आरतीचा फोन लावला, बंद. नवऱ्याचा लावला, तो उचलेना. गजूभाऊ पुलावर जाऊन रस्ता बघून आला. “काही दिसत नाई, मावशी.”

त्या बाकावर मी काय काय नाही पाहिलं डोळ्यासमोर! रात्रीतून कुणी भावकीतलं आलं असेल. कुणी म्हटलं असेल, सून अधू होईल. मी स्मिता मॅडमना काय सांगणार? आणि मॅडम पुढे कुणाला सांगणार? त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण त्या घटकेला तो माझ्याकडेच बघत होता.

गाडी प्लॅटफॉर्मला लागली आणि जिन्यावरून सासूबाई आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सुनेला धरलेलं. आरतीच्या ओटीत तांदूळ-नारळ, कपाळाला कुंकू मळवटासारखं.

“फोन बंद काहून ठेवला वं बाई?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मीच बंद केला,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “सकाळपासून सारे सोयरे फोन करून राहिले. कोनी म्हने लकवा मारते, कोनी म्हने पोट्टे होत नाई. ऐकून ऐकून पोरीचं मन फिरलं असतं. पोराचाबी माह्याच पिशवीत हाय. अन् रिकाम्या ओटीनं कशी काढू तिले घराबाहेर? चला, चढा आता!”

गाडीत बसल्यावर सासूबाईंनीच मला पाणी पाजलं.

नागपुरात आरती मशीनला लावून पडली. सासूबाई उशाशी बसून त्या फिरत्या चकतीवरून नजर हलवेनात. शेवटी गाळलेल्या पेशींची लहानशी पिशवी भरली. त्यांनी ती बघितली आणि म्हणाल्या, “एवढंसंच? एवढ्यासाठी तुमी दोन म्हैने पांढऱ्याफटक पडल्या होत्या काय?” एक माणूस ती पिशवी थंड डब्यात ठेवून निघाला. कुठल्या गावाला, आम्ही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. सासूबाईंनी मात्र त्याला दारात अडवून सांगितलं, “धक्का नका लागू देऊ.”

पुढे त्या मला सारख्या फोन करायच्या. सुनेची तब्येत विचारायला मी फोन करायची, तर त्याच मला विचारायच्या, “लागलं काय विरजन?” मला कुठं माहीत! बऱ्याच दिवसांनी स्मिता मॅडमनी कळवलं, “पेशी रुजल्या आहेत. पुढचं आत्ता सांगता येणार नाही.” मी लगेच सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग आता हालवू नका म्हना त्याले. विरजन लागून राहिलं की गंज हालवाचा नाई.”

पुढचं अजूनही कळलेलं नाही. तो माणूस आहे की नाही, हेही मला माहीत नाही. या कामात पुष्कळदा गोष्टीचा अर्धाच कागद हातात येतो. रद्दी वाचून मोठी झाले, तरी त्याची सवय काही झाली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पोरीला मामाचा नंबर विचारते. पण त्याच्या आधी मी किती शिबिरं केली आणि किती पोरींना विचारलं नाही! त्यातल्याच एकीसाठी या महिन्यात स्मिता मॅडमचा फोन आला आहे. नंबर लागतो. एक बाई उचलतात आणि अगदी गोड आवाजात राँग नंबर म्हणतात. प्रियंकाचं तिच्या परवानगीनं सांगितलं, हिचं नाव मला सांगता येत नाही, नियम नियम आहे. मामा कोण, ते मला ठाऊक नाही. पत्त्यावर जाऊन आले, तिथं आता दुकान आहे. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीला लिहायची हौस आली. हौस नाही. मला आता दुसरा काही रस्ता सुचत नाही, म्हणून हे लिहिलं.

तेव्हा बायांनो, तुमच्यापैकी जिनं कधी गालात कापसाची काडी फिरवून घेतली असेल, तिनं रक्तपेढीत एक फोन करून आपलं आत्ताचं नाव सांगावं. आणि सासूबायांनो, सासरेबुवांनो, फोनवर कुणी घरात नसलेल्या पोरीचं नाव घेतलं, तर लगेच ठेवू नका. एकदा स्वयंपाकघराकडे तोंड करून त्या नावानं हाक मारून बघा. कदाचित कुणी ओ देईल.